ओसाकात 'फॉरेनर फ्रेंडली' जागा शोधायची म्हणजे नेमकं काय शोधायचं?

तेन्मा भागातली एक गल्ली, आठ स्टुलांचं उदोनचं, म्हणजे जाड शेवयांचं, दुकान, आणि मालकाने माझ्या आईकडे बघून दोन्ही हात छातीसमोर आडवे धरले. फुली. आईने तिथल्या तिथे मराठीत निकाल दिला, "हाकलतायत आपल्याला, चल."

हाकलत नव्हते. मी फोनवर जपानीत लिहून दाखवलं होतं की मांस-मासे चालत नाहीत, तर ते वाचून काकांनी मागच्या मोठ्या पातेल्याकडे बोट केलं, "दाशी, दाशी" म्हणाले, म्हणजे रस्सा माशाच्या पाण्याचा आहे, आणि परत फुली केली. मग थोडा विचार केला, आत गेले आणि पाच मिनिटांनी नुसत्या उकडलेल्या गरमगरम शेवया, किसलेलं आलं, कांद्याची पात आणि सोयसॉसची छोटी बाटली असं समोर ठेवून गेले. आई म्हणाली बरंय. पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढायला लागली तेवढ्यात मी टेबलाखालून तिचा हात धरला, कारण तिकडे दुकानात बाहेरचं खाणं काढणं म्हणजे मालकाच्या तोंडावर त्याच्या जेवणाला नावं ठेवणं.

हे सांगायचं कारण असं की हल्ली दर दोन दिवसांनी कुणीतरी मेसेज करतं, "ओसाकात एखादं फॉरेनर फ्रेंडली हॉटेल सांग ना, राहायचं आणि खायचं." येन स्वस्त झालाय, भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासून ई-व्हिसा सुरू झालाय, त्याच वर्षी जपानला ३ कोटी ६८ लाख परदेशी पाहुणे आले, त्यात आपले सव्वादोन लाखांच्या वर. गर्दीच गर्दी. आणि गर्दी वाढली की "त्यांना आपण नको असतो" या गोष्टीही वाढतात. काही खऱ्या आहेत, पण बऱ्याचशा त्या पातेल्यासारख्या आहेत.

त्या फुलीचा अर्थ काय

कोकणात घरगुती खानावळीत जेवला असाल तर अर्धा जपान तुम्हाला कळलाय असं समजा. सकाळी फोन करायचा, किती माणसं, शाकाहारी किती, मासे कुणाला, आणि मग दुपारी जायचं. न सांगता एक वाजता सहा जण दारात उभे राहिलात तर काकू काय म्हणतात? "अहो सांगितलं नव्हतंत ना." राग नसतो त्यात, तांदूळच मोजून टाकलेले असतात.

ओसाकातली छोटी दुकानं आणि जुन्या पद्धतीची निवासं याच हिशोबाने चालतात. नवराबायको दोघंच चालवतायत, सीटा आठ, माल रोजच्यापुरता. जे नीट देता येणार नाही ते अर्धवट देण्यापेक्षा नाही म्हणलेलं बरं, असं त्यांना मनापासून वाटतं. आपल्याकडे उलट, "या या, बसा, करू काहीतरी" म्हणायचं आणि मग आत पळापळ. त्यामुळे त्यांची फुली आपल्याला लागते.

बरं, सगळे फुली करतीलच असंही नाही, बरेच जण मान तिरकी करून, दातांतून हवा आत ओढत "चोत्तोऽऽ" म्हणतील आणि थांबतील. शब्दशः अर्थ "थोडंसं". खरा अर्थ म्हणजे आपल्याकडे वर्गणी मागायला गेल्यावर "बघू" म्हणतात तो. नाही आहे ते, तिथे वाद घालायचा नाही.

मग 'फ्रेंडली' म्हणायचं कशाला

माझं मत असं की इंग्लिश मेन्यू, इंग्लिश बोलणारा वेटर, हसरा चेहरा यातलं काहीच नाही. जागा तुमच्या कामाची तेव्हा, जेव्हा तुमची अडचण तिथे आधीच कुणीतरी विचारात घेऊन सोडवून ठेवलेली असते. अडचणी तरी किती, पदार्थ कसा निवडायचा, काय चालत नाही ते कसं कळवायचं, पैसे कसे द्यायचे, आणि आपण जेवढे आहोत तेवढे मावतो का.

उदाहरणच घ्या. दारात तिकिटाचं मशीन असलेलं साधं रामेनचं दुकान. आत कुणालाही इंग्लिश येत नाही. पण मशीनवर फोटो आहेत, पैसे टाकायचे, बटण दाबायचं, तिकीट काउंटरवर ठेवायचं, झालं, एक शब्द बोलावा लागत नाही. दुसरीकडे दोतोनबोरी या पर्यटकांच्या गर्दीच्या भागात दारावर चार भाषांत बोर्ड, बाहेर पोरगा हाका मारतोय, आणि आत बसल्यावर न मागितलेली वाटीभर भाजी येते आणि बिलात माणशी तीन-चारशे येन लागतात. ती फसवणूक नाही हं, तिला ओतोशी म्हणतात, इझाकायात म्हणजे तिकडच्या बारवजा खानावळीत बसण्याचे पैसे असे घ्यायची जुनी रीत आहे. पण त्या चार भाषांच्या बोर्डावर बहुतेक वेळा तेवढंच लिहिलेलं नसतं.

काचेमागे ठेवलेले प्लास्टिकचे हुबेहूब पदार्थ हेही असंच सोडवून ठेवलेलं उत्तर, बाहेर जाऊन बोट दाखवा, झालं. हा धंदा १९३२ मध्ये ओसाकातच उभा राहिला. फिरत्या पट्ट्यावरची सुशीसुद्धा इथलीच, १९५८ मध्ये शेजारच्या हिगाशी-ओसाकात सुरू झाली. आता त्या दुकानांत पट्ट्यापेक्षा टचस्क्रीनवरून ऑर्डर जास्त होते आणि भाषा बदलायचं बटण असतं. लाजऱ्या माणसासाठी याहून सोपी जागा नाही.

रेटिंगचं एक लक्षात ठेवा. जपानी लोक जेवणासाठी ताबेलोग नावाची साइट बघतात आणि तिथे मार्क देताना हात आखडता असतो. ३.५ म्हणजे तिथे फारच छान, ३.२ म्हणजे निवांत जेवून या. आपण ४.५ च्या खाली काही बघतच नाही, त्यामुळे ३.३ वाचून पुढे निघून जातो आणि जिथे सगळे पर्यटकच स्टार देतात अशा ४.७ वाल्या रांगेत तासभर उभे राहतो.

दाशी: सगळ्या भांडणाचं मूळ

आता मराठी माणसाच्या, त्यातही शाकाहाऱ्याच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी, ज्यात पुढे सगळं शिजतं. ओसाकात ते साधारण दोन गोष्टींचं असतं. एक कोंबू, म्हणजे समुद्रातली जाड पानं, वाळवलेली. पूर्वी उत्तरेच्या होक्काइदोहून जहाजांनी ती ओसाकाच्या बाजारात यायची, म्हणून इथल्या चवीत ती मुरलीय. दुसरी कात्सुओबुशी, म्हणजे बोनितो माशाचा धुरावून सुकवलेला, लाकडासारखा कडक तुकडा आणि त्याचा कीस. सोडे-सुकट माहीत असलेल्यांना तो वास ओळखीचा वाटेल.

टपरीवरचा चहा आठवा. किटलीत साखर आधीच घातलेली असते. तुम्ही कितीही प्रेमाने "बिनसाखरेचा द्या" म्हणालात तरी तो काय करणार, साखर चमच्याने काढता येत नाही. दाशीचं तसं आहे. सकाळी पातेलंभर उकळलेली असते, आणि उदोनच्या रश्श्यात, सोबा नावाच्या बारीक शेवयांच्या चटणीपाण्यात, मिसो सूपमध्ये, ओकोनोमियाकी या कोबीच्या धिरड्याच्या पिठात, भाजीच्या वाटीत, सगळीकडे तीच जाते. कित्सुने उदोन, ज्यावर गोडसर तळलेल्या टोफूची चौकोनी पोळी असते, तो ओसाकाचा अभिमानाचा पदार्थ, दिसायला शंभर टक्के शाकाहारी आणि खाली सगळा मासा.

म्हणून "व्हेजिटेरियन?" एवढंच विचारू नका. समोरच्याला वाटतं भाज्या आवडतात, तो भाज्यांची तेम्पुरा, म्हणजे तिकडची भजी, देतो आणि बुडवायला दाशीचीच वाटी ठेवतो, आणि दोघंही खूश असतात. "व्हीगन" शब्द जास्त चालतो, कारण तो नवा आहे आणि त्याचा अर्थ लोकांनी एकदाच नीट शिकलाय. दूध-दही खात असलात तरी तोच वापरा. सगळ्यात बरं म्हणजे फोनवर जपानी लिपीत एक चिठ्ठी बनवून ठेवा: मांस, मासे, कोळंबी-शिंपले, माशाची दाशी, कात्सुओबुशीचा कीस यातलं काही खात नाही, अंडं आणि दूध चालतं किंवा नाही, हे जमेल का, नसेल जमत तर हरकत नाही. शेवटचं वाक्य गाळू नका. त्या वाक्याने समोरच्याची मान मोकळी होते आणि कित्येकदा त्यानंतरच तो "थांबा, एक करता येईल" म्हणतो.

आणि अंड्यापर्यंत चालणाऱ्यांनी ताकोयाकीच्या नादी लागू नये, त्यात 'ताको' म्हणजे ऑक्टोपसच आहे. मिटक्या मारत खाल्ल्यावर मला विचारलेलं आहे एकाने, नाव सांगत नाही.

तर मग जेवायचं कुठे

कढी-भात मिळाल्याशिवाय जीव तृप्त होत नाही त्यांच्यासाठी 'इंडो-नेपाळी' खानावळी. ओसाकाच काय, जपानच्या कुठल्याही स्टेशनाजवळ एखादी सापडतेच, चालवणारे बहुतेक नेपाळी भाऊ, हिंदी उत्तम, आणि ताटाएवढा गोडसर नान. जपानी लोकांनी त्यांना 'इन्नेपा' असं लाडकं नावही ठेवलंय. चव पंजाबी-जपानी मिश्र असते, पण "कांदा-लसूण नको" हे वाक्य जिथे हिंदीत बोलता येतं त्या जागेची किंमत तिसऱ्या दिवशी कळते. को-को इचिबान्या या जपानी करीच्या साखळीत काही शाखांवर शाकाहारी करी मिळते, सगळ्या नाही, त्यामुळे दारातला मेन्यू बघून मगच आत शिरा. जैन जेवणाचा प्रश्न असेल तर अर्ध्या तासावर कोबे आहे. तिथे भारतीय व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे, जैन मंदिरही आहे, कितानो भागात चौकशी करा.

मासे-मांस खाणाऱ्यांचं ओसाका म्हणजे माहेर. कुइदाओरे असा शब्दच आहे इथला, खाण्यापायी दिवाळं काढणं. तेन्जिनबाशीसुजी ही अडीच किलोमीटरहून लांब छप्पर असलेली बाजारगल्ली आहे, दोतोनबोरीपेक्षा स्वस्त, गिऱ्हाईक स्थानिक, तिथे भटका. कुशिकात्सु, म्हणजे काडीला टोचून तळलेले तुकडे, खाल तेव्हा जुन्या दुकानांत सॉसचं भांडं सगळ्यांना एकच असतं, काडी एकदाच बुडवायची. आपल्याला उष्टं-खरकटं वेगळं समजवावं लागत नाही, या बाबतीत आपण जन्मजात जपानी.

राहायचं: खोलीचे पैसे की माणशी पैसे

इथे आपली सगळ्यात जास्त गडबड होते. आपल्या डोक्यात हॉटेल म्हणजे खोली, खोलीचं भाडं, आणि त्यात एक जादा गादी टाकून चौघं. जपानमध्ये भाडं बरेचदा माणशी असतं, र्योकानमध्ये तर नक्कीच. र्योकान म्हणजे तातामीच्या चटया, जमिनीवर गाद्या, आणि सहसा रात्रीचं व सकाळचं जेवण धरून दर. तिथे माणसांचा आकडा म्हणजे पुन्हा कोकणातले मोजलेले तांदूळ. दोघांचं बुकिंग करून तिघं गेलात तर मॅनेजर ओरडणार नाही, तो कागद बघत नुसता घामाघूम होईल. मुलांचंही वय टाकून सांगा, लहान मूल आईबाबांच्या बिछान्यात झोपणार असेल तर बऱ्याच ठिकाणी पैसे पडत नाहीत, पण सांगायचं मात्र लागतं.

बिझनेस हॉटेल ही दुसरी जात. स्टेशनाजवळ, स्वच्छ, कुठल्याही परदेशी माणसाची सवय असलेली, आणि खोली बारा-पंधरा चौरस मीटर. 'सेमी-डबल' वाचून फसू नका, तो पलंग साधारण चार फुटी असतो, नवं लग्न असेल तर ठीक. मोठ्या बॅगा दोन उघडल्या की बाथरूमला जायची वाट बंद. आईवडील, मुलं असे पाच-सहा जण असाल तर अपार्टमेंट हॉटेल बघा, मिमारूसारख्या साखळ्या परदेशी कुटुंबांसाठीच निघाल्यात, छोटं स्वयंपाकघर असतं आणि मुगाची खिचडी लावता येते. आईची चटणीही तिथे बिनधास्त निघाली.

भागांचं थोडक्यात सांगतो. नाम्बा म्हणजे खाणंपिणं आणि गजबज, उमेदा म्हणजे क्योतो-कोबेला रोज जायला सोयीचं, शिन-ओसाका बुलेट ट्रेनसाठी, पण संध्याकाळी तसा कोरडा. शिन-इमामिया मात्र मजेशीर आहे. या स्टेशनाच्या दक्षिणेला निशिनारीतली रोजंदारी कामगारांची वस्ती, जिथे तीन चटयांच्या खोल्यांची स्वस्त निवासं होती, त्यांना 'दोया' म्हणायचे, 'यादो' म्हणजे निवास, तो शब्दच उलटा केलेला, राहण्याजोगी जागा नाही असं टोमण्याने. कामगार म्हातारे होत गेले, खोल्या रिकाम्या पडल्या, मालकांनी त्या पाठपिशवीवाल्या परदेशी मुलांना द्यायला सुरुवात केली. म्हणजे परदेशी माणसाची सवय सगळ्यात आधी कुणाला लागली तर ओसाकातल्या सगळ्यात गरीब गल्लीला. २०२२ मध्ये तिथेच स्टेशनासमोर एक मोठं झकपक हॉटेलही उघडलं. विमानतळाची गाडी थेट थांबते, दर अजून कमी आहेत. रात्री गल्लीत दारू पिऊन बसलेले आजोबा दिसतील, त्रास देत नाहीत, त्यांचे फोटो मात्र काढू नका. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन मी तिथे राहणार नाही, एकटा असेन तर खुशाल राहीन.

पासपोर्ट का मागतात आणि घर भाड्याने घ्यावं का

काउंटरवर पासपोर्ट घेऊन झेरॉक्स काढतात तेव्हा संशय घेतात असं वाटतं. नाही. जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट नोंदवायचा हा २००५ पासूनचा नियम आहे, सगळ्यांना सारखा. द्या आणि मोकळे व्हा.

लोकांची घरं भाड्याने देण्याला मिनपाकु म्हणतात. २०१८ च्या कायद्याने असं घर वर्षात १८० रात्रीच देता येतं आणि जाहिरातीत नोंदणी नंबर लागतो. ओसाकात शिवाय एक वेगळा 'विशेष क्षेत्रा'चा परवाना आहे, त्यात दिवसांची मर्यादा नाही पण किमान दोन रात्री राहावं लागतं. देशातले असे नव्वद टक्क्यांहून जास्त परवाने एकट्या ओसाका शहरात आहेत, शेजारी कचऱ्याने आणि रात्रीच्या सुटकेसच्या खडखडाटाने इतके वैतागले की नवे परवाने थांबवायचं शहराने २०२५ मध्ये ठरवलं. मुद्दा काय, नंबर नसलेलं घर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. आणि घेतलंत तर कचरा वेगवेगळा करायचा कागद भिंतीवर असतो तो वाचा.

बुकिंगच्या रकमेवर निवास करही लागतो. ओसाकात सप्टेंबर २०२५ पासून माणशी रात्रीचं भाडं ५,००० येनच्या खाली असेल तर शून्य, त्यावर २०० ते ५०० येन. बऱ्याचदा काउंटरवर रोख मागतात, वेगळं काही लुटत नाहीत.

"पण भेदभाव होतोच ना?"

होतो. गोड बोलून झाकायचं कारण नाही. ओतारू शहरातल्या एका सार्वजनिक स्नानगृहाने 'फक्त जपानी' असा बोर्ड लावला होता, तीन जण कोर्टात गेले, त्यातला एक तर जपानी नागरिक झालेला होता आणि तरीही चेहरा बघून परत पाठवलेला, २००२ मध्ये साप्पोरोच्या न्यायालयाने तिघांना प्रत्येकी दहा लाख येन द्यायला लावले. निवासांसाठी तर कायदाच आहे, जागा शिल्लक नाही, संसर्गजन्य आजार, बेकायदा उद्योग अशी मोजकी कारणं सोडून पाहुण्याला नाकारता येत नाही, 'आम्हाला इंग्लिश येत नाही' हे त्यात बसत नाही. खानावळींसाठी असा थेट कायदा नाही.

मग ओळखायचं कसं? माझी पद्धत साधी आहे. तोच प्रश्न हॉटेलच्या माणसाकडून जपानीत फोन करून विचारायला लावायचा, "दोघं जण, भारतीय, मासे चालत नाहीत, सात वाजता." रिसेप्शनवरची मंडळी हे आनंदाने करतात. दारात फुली दाखवणारी निम्मी दुकानं फोनवर हो म्हणतात, कारण आता त्यांना तयारीला वेळ मिळाला. तरीही नाही म्हणाले तर सोडून द्या, ओसाकात भुकेने कुणी मेलेलं नाही. काही ठिकाणी फोनऐवजी ऑनलाइन बुकिंगला कार्ड मागतात, कारण बुक करून न येणारे पाहुणे फार झालेत. आठ सीटांच्या दुकानात चौघं आले नाहीत म्हणजे त्या दिवशीचा अर्धा गल्ला गेला.

गोंदणाचंही त्यातच सांगून टाकतो. सामाईक गरम पाण्याच्या कुंडांत टॅटूला बऱ्याच ठिकाणी मनाई असते, मूळ कारण तिथल्या गुंडांच्या टोळ्या. आजीच्या कपाळावरचं आणि हातावरचं हिरवं गोंदण बघून कुणी तिला टोळीतली समजणार नाही, पण आधी विचारा किंवा खासगी कुंड घ्या.

एकाच ठिकाणी जेवण आणि निवास हवं असेल तर

माझं उत्तर ठरलेलं आहे, एक रात्र कोयासानला जा. नाम्बाहून नानकाई रेल्वे, मग डोंगर चढणारी केबल कार, पुढे बस, सगळं धरून दोन तासांच्या आसपास. साधारण आठशे मीटर उंचीवर शंभराहून जास्त मठांचं गाव, त्यातले पन्नासेक मठ पाहुण्यांना ठेवून घेतात, त्याला शुकुबो म्हणतात. जेवण शोजिन र्योरी, म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी जेवण, दाशी कोंबू आणि मशरूमची, कांदा-लसूणसुद्धा नाही. तिळाचा मऊ लगदा थापलेला गोमादोफु आणि गोठवून सुकवलेला कोयादोफु, आईने दोन्ही संपवले आणि पहिल्यांदाच चटणीची आठवण काढली नाही. कट्टर जैन असाल तर गाजर-मुळा-मशरूम असतात हे ध्यानात घ्या. दारू मात्र बहुतेक मठांत मिळते, तिला तिथे 'हान्न्यातो' म्हणजे प्रज्ञेचं पाणी म्हणतात, काय बोलणार!

आणि तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालेला. सीडर वृक्षांच्या त्या थंड गावात तो समोर आला की दोन मिनिटं पाय हलत नाहीत.

एकच गोष्ट, मठात रात्रीचं जेवण साडेपाच-सहालाच वाढतात आणि दारं लवकर लागतात. गाडी चुकली तर स्टेशनवरूनच फोन करा, ताटं मांडून ठेवलेली असतात.